आरे-वारेच्या चढावर मुंबई पकडली

रत्नागिरीला जाऊन काय पाहिलंत, असं कुणी विचारलं की मी सांगते, मुंबई पाहिली. लोकांना वाटतं, बाईंचं वय झालं. वय झालंय खरं, पण डोकं जागेवर आहे. सगळं ऐका आणि मग काय ते ठरवा.

आमचे हे एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यातली वीस रत्नागिरी-मुंबई रस्त्यावर गेली. निवृत्त झाल्यावर माणसं घराला वरचा मजला चढवतात, यांनी लिलावात जुनी रुग्णवाहिका घेतली. स्ट्रेचर काढून दोन फळ्यांचे पलंग केले, स्टोव्हला खाच, पाण्याला पिंप, आणि पायाशी एका फळीवर गाडीच्या बॅटरीवर चालणारा चौदा इंची टीव्ही. काळा-पांढराच. कऱ्हाडात लोक हसले. "घर सोडून डब्यात राहणार काय?" म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या डोक्यावरून चालवत नाही ना, मग झालं. आणि मे महिन्यात कुंभार्ली घाट उतरून आम्ही कोकणात आलो.

पांढऱ्या गाडीवरची लाल फुली यांनी खरवडून काढली होती, पण उन्हात ती पुन्हा उमटायची. त्यामुळे वाटेत सगळे बाजूला होऊन जागा द्यायचे आणि थांबलो की विचारायचे, पेशंट कुठला? संगमेश्वरला एका म्हाताऱ्याने तर माझ्याकडेच बघून हळहळ केली.

शुक्रवार : पोस्ट आणि मिरकरवाडा

निघताना सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पत्रं रत्नागिरीच्या पोस्टात पाठवा, आम्ही जाऊन घेऊ. शुक्रवारी सकाळी खिडकीवर एकच पत्र निघालं. शैलाचं.

ही शैला कोण, ते आधी सांगते. कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत मी खेळाची बाई होते. शैला माझ्या खो-खोच्या संघात होती. तशी पळणारी मुलगी मी पंचवीस वर्षांत दुसरी पाहिली नाही. तिचे वडील तात्या गुळाचे अडते. नववीत असताना त्यांनी तिला जिल्ह्याच्या सामन्यात अर्ध्या चड्डीत पळताना पाहिलं आणि मैदान बंद केलं. मी त्यांच्या दारात अकरा वेळा गेले. अकराव्या वेळी त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं. मग मुंबईच्या मामाने पोरीला नेलं म्हणून तिचा खेळ वाचला. इकडे शाळेच्या मंडळींनी मला सांगितलं, यापुढे मुली सलवारीत खेळतील. मी म्हटलं, मग तुम्हीच खेळवा. त्यांनी माझ्याकडचं मैदान काढून घेतलं आणि निवृत्तीपर्यंत मला शिवणाचे तास दिले. शैलाला खेळताना मी त्यानंतर पाहिलेलं नव्हतं. सहा वर्षं झाली.

पत्रात होतं : "बाई, रविवारी साडेचारला अंतिम सामना आहे. मुंबई केंद्रावरून थेट दाखवणार आहेत. मी कर्णधार आहे. घरी कळवलंय, पण तात्या बघायचे नाहीत. निदान तुम्ही तरी बघा."

पोस्टाच्या पायरीवर बसून मी ते चार वेळा वाचलं. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

मुंबईच्या सगळ्या गाड्या परतणाऱ्या चाकरमान्यांनी मंगळवारपर्यंत भरलेल्या. आमच्या गाडीची क्लचप्लेट घसरत होती. सपाटीवर चालायची, घाटात मागे यायची. नवी प्लेट सोमवारी मिळणार होती. म्हणजे जे काही बघायचं ते आमच्या त्या फळीवरच्या टीव्हीवर बघायचं. मी बाजारात टीव्हीच्या दुकानात गेले.

"काकू, आता आपल्याकडे केंद्र झालंय," दुकानदार म्हणाला. "दिल्ली कशी लख्ख दिसते. मुंबई कशाला हवी?"

"दिल्लीला माझं कोणी नाही."

तो हसला, पण माणूस चांगला होता. त्याने सांगितलं की रत्नागिरीतलं केंद्र फक्त दिल्ली पुढे पाठवतं. मुंबई इतक्या लांबून एरवी पोचत नाही. पण मे महिन्यात समुद्र पडलेला, म्हणजे अगदी शांत, असला, हवा गरम आणि क्षितिज धुरकट असलं की कधी कधी मुंबई पाण्यावरून चालत येते. कधी तासभर टिकते, कधी दहा मिनिटं. गावात मात्र दिल्लीचा जोर इतका की ती सापडायची नाही. लांब काड्यांचा अँटेना बांधून समुद्रकाठी जा. एवढं सांगून त्याने तो अँटेना विकलाही.

तिथून मिरकरवाड्याला गेलो. शुक्रवार असल्यामुळे बंदरात सगळ्या लाँचा एकीला एक लागून उभ्या होत्या. शुक्रवारी इथले दर्यावर्दी समुद्रात जात नाहीत, नमाज आणि जाळ्यांची डागडुजी चालते. आमच्या कऱ्हाडात बाजाराच्या दिवशी जशी गडबड, तशी इथे सुट्टीच्या दिवशी. जाळ्याच्या ढिगावर बसलेल्या एका पिकल्या दाढीच्या तांडेलाला, म्हणजे लाँचेच्या म्होरक्याला, मी विचारलं की समुद्रकाठी गाडी लावायला जागा कुठे मिळेल. त्याचं नाव हसनमियां. त्याने आधी विचारलं, आजारी कोण आहे. मग सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या आऱ्याला या," तो म्हणाला. "घर चढावर हाय. पुढ्यात दर्याच दर्या. गाडी दारात लावा. माज्या लाँचीचं इंजिन उतरवलंय, मी घरीच हाय."

मी लगेच हो म्हणणार होते, पण यांचं वेगळंच. "टीव्हीला उंची लागते," हे म्हणाले. "समुद्र म्हणजे खड्डा. आपण सड्यावर जाऊ."

शनिवार : सड्यावर

सडा म्हणजे काळपट जांभ्या दगडाचं उघडं पठार. मे महिन्यात त्यावर पाय ठेवला की तव्यावर ठेवल्यासारखं वाटतं. गावाच्या पूर्वेला अशा एका सड्यावर आम्ही सकाळी गाडी नेली. यांनी टपाला वेळू बांधला, वेळूला अँटेना, आणि कऱ्हाडहून आणलेली जुनी चपटी वायर खिडकीतून आत सोडली. हे टपावर, मी आत.

"आलं का?"

"मुंग्या आहेत."

"आता?"

"मुंग्याच आहेत. जरा मोठ्या."

असं दुपारी बारापर्यंत चाललं. मध्ये एकदा लख्ख चित्र आलं आणि माझं काळीज उडालं, तर ती दिल्ली. कुणी गृहस्थ हिंदीत मका पेरायला सांगत होता. बॅटरी उतरेल म्हणून यांनी इंजिन चालू ठेवलं, तर मक्यावरून आडव्या रेषा धावायला लागल्या. इंजिन बंद केलं की रेषा गेल्या. म्हणजे रविवारी इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर पाहायचं, हे कळलं. बॅटरी तासाभरापेक्षा फार टिकणार नव्हती.

दुपारी एक बाई पोराला कडेवर घेऊन सडा चढून आली. पोराला ताप होता आणि तिला लांबून पांढरी गाडी दिसली होती. आमच्याकडे औषध कसलं, पण पोराच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, त्याला लिंबूपाणी पाजलं आणि त्या घसरत्या क्लचवर यांनी दोघांना खाली सरकारी दवाखान्यात पोचवलं. परत आल्यावर त्या बाईने पाठवलेल्या फणसाच्या गऱ्यांवर आम्ही जेवण काढलं. मुंबई मात्र आली नाही.

"एवढ्या उंचीवर नाही, तर खाली काय येणार?" हे म्हणाले. "आपण प्रयत्न केला."

"मी अजून केलेला नाही," मी म्हटलं. "तुम्ही केलात. आता आऱ्याला चला."

"अगं, एक सामना. निकाल सोमवारी पेपरात येईल."

"निकाल नकोय मला. पोरगी बघायचीय. तिने घरच्यांना बोलावलं, ते जायचे नाहीत. मीही पेपरात वाचू? शेंडी तुटो की पारंबी, मी उद्या शैलाला बघणार."

यांनी गाडीला किल्ली लावली. बत्तीस वर्षांच्या संसारात माझा हा आवाज त्यांना ओळखीचा आहे.

रविवार : आरे

तेव्हा आऱ्याच्या पुढे वारे गावाकडे जायला आमच्या गाडीजोगा रस्ता नव्हता. हसनमियांचं घर चढाच्या कडेला, खाली सुरूची झाडं, पांढरी वाळू आणि समुद्र. त्यांच्या बायकोने, जैनबबीने, आल्या आल्या विचारलं, "पेशंट खाली उतरवायचाय?" मी म्हटलं, पेशंट टीव्ही आहे. ती इतकी हसली की तिच्या हातातलं सूप हललं.

शनिवारी रात्री तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण वाढलं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी हातावर थापून जाड होते, हिची पांढरी, पातळ, रुमालासारखी घडी पडणारी. मी तीन खाल्ल्या. कऱ्हाडची बाई भाकरीत हरली असं म्हणायला मला कमीपणा वाटत नाही.

रविवारी सकाळी समुद्र पडला होता. लाट म्हणून नव्हती, आणि दूरवर सगळं धुरकट. दुकानदाराने सांगितलं होतं अगदी तसं. यांनी पुन्हा वेळू उभा केला, मी टीव्ही लावला. मुंग्या. दहा वाजले, अकरा वाजले, मुंग्याच.

हसनमियां मागे हात बांधून बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "ड्रायव्हरसाब, ही काठी कुठं बगते?"

"मुंबईकडे," हे म्हणाले.

मी वर पाहिलं. अँटेनाचं तोंड समुद्राकडे नव्हतंच. ते पूर्वेला, डोंगराकडे होतं.

"मुंबई तिकडं कधी गेली?"

"हे बघा, हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, महाड, पनवेल. वीस वर्षं गाडी नेलीय मी. मुंबईचा रस्ता मला शिकवू नका."

"रस्ता बरोबर हाय," हसनमियां शांतपणे म्हणाला. "पण तुमची गाडी डोंगर, नदी बगून वळत वळत जाते. लाँच सरळ जाते. मुंबई ती बगा." आणि त्याने उत्तरेला, जरा डावीकडे, भर समुद्राकडे बोट केलं. "हवेतनं येणारी चीज हातखंब्यावरनं कशाला येईल?"

कालचा आख्खा दिवस आम्ही सड्यावर उन्हात भाजून घेतला तो संगमेश्वरच्या एसटी स्टँडकडे तोंड करून. पण ड्रायव्हरचा मान मोठा. "तपासून बघायला हवं," एवढं पुटपुटले आणि वेळूला हात लावीनात. मग मीच पदर खोचला, शिडीने टपावर चढले आणि वेळू फिरवला. साठीला आलेली बाई रुग्णवाहिकेच्या टपावर बघून आजूबाजूच्या घरांतून बायका दारात आल्या. येऊ देत.

"आलं," आतून यांचा आवाज आला. मग जरा वेळाने, नाइलाजाने, "माणसं दिसतायत."

माणसं दिसत होती, पण लाडू फुटल्यासारखी. चित्र यायचं, विस्कटायचं. यांनी वायर सोडून पाहिली तर तांब्याची टोकं हिरवी पडलेली. कानशीने घासायला जावं तर तारा इतक्या बारीक की तुटायच्या. जैनबबीने ते पाहिलं आणि आत जाऊन आमसूल घेऊन आली. ज्याने ती तांब्याची कळशी घासते, तेच. थुंकी लावून चोळलं, गोड्या पाण्याने धुतलं, पदराने पुसलं, आणि टोकं नव्या पैशासारखी झाली. "मीठ खातं गो इथं सगळ्याला," ती म्हणाली. वायर जोडल्यावर बातम्यांची बाई नाकाडोळ्यांसकट दिसली. आम्ही लगेच टीव्ही बंद केला, बॅटरी भरायला तासभर इंजिन चालवलं, आणि साडेचारपर्यंत ती मुंबई टिकते की जाते या धास्तीत मी एक घास खाऊ शकले नाही.

साडेचारला गाडीच्या मागच्या दारासमोर वीस-पंचवीस माणसं जमली होती. बहुतेक बायका आणि मुली. टीव्ही लावला. मैदान दिसलं, दोन खुंट दिसले, ओळीने बसलेल्या मुली दिसल्या. आवाज मात्र नाही, नुसती खरखर. यांनी बारीक बटण फिरवलं तर समालोचकाचा आवाज आला आणि चित्र गेलं. उलट फिरवलं तर चित्र आलं आणि आवाज गेला. दोन्ही एकदम काही जमेना.

"चित्र ठेवा," मी म्हटलं. "बोलायला मी आहे."

आणि मी बोलले. मैदानावरचा माझा आवाज सहा वर्षं शिवणाच्या वर्गात कोंडला होता, तो त्या दिवशी सुटला. खो म्हणजे काय, पाठलाग करणारीने मागे का वळायचं नाही, खुंटावर वळण कसं घेतात, साखळी कशी धावतात, सगळं सांगत गेले. आणि मग तिघी पळायला आत आल्या, त्यांत शैला होती. उंच झाली होती. केस कापले होते. पण उजवा खांदा पाडून हूल द्यायची तिची लकब तीच होती. मी शिकवलेली.

मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "बायामाणसांनी उघड्या पायांनी हे काय पळायचं?"

तसंच वाक्य मी कऱ्हाडात ऐकलं होतं, जरा शुद्ध भाषेत. "चाचा," मी म्हटलं, "लुंगी वर खोचल्याशिवाय तुम्ही होडी ढकलता का?"

बायका हसल्या. म्हातारबाबाही हसले आणि बसायचा मोडा ओढून पुढे येऊन बसले. नंतर तेच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते.

मी मनगटावरच्या घड्याळावर मोजत होते. शैला चार मिनिटं पळली. समोरच्या पोरी सूर मारत होत्या आणि ती त्यांच्या बोटांपासून वीतभर पुढे. जैनबबी माझा दंड धरून होती, तिची नखं मला रुतली. दुसऱ्या डावात शैलाने शेवटच्या मिनिटात दोघींना बाद केलं, आणि मग सगळ्या पोरी तिच्या अंगावर पडल्या. जिंकल्या होत्या. ते सांगायला समालोचक लागत नव्हता. मी रडत होते, आणि या वेळी मला त्याचा राग आला नाही.

बॅटरी उतरत आली होती. पडद्याच्या कडा काळ्या होऊन चित्र आत आत सरकत होतं. तेवढ्यात कुणीतरी शैलापुढे माइक धरला. घामाने निथळलेला तिचा चेहरा पडदाभर आला. ती बोलायला लागली.

"काय बोलते गो ती?" जैनबबीने विचारलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तासभर मी एक क्षण गप्प नव्हते, आणि आता माझ्याकडे शब्द नव्हता.

यांनी बटणावर बोट ठेवलं. "आवाज आणू? चेहरा जाईल."

सहा वर्षांनी दिसलेला चेहरा होता तो. "हात लावू नका," मी म्हटलं. तिचे ओठ हलत राहिले, चित्र पोस्टकार्डाएवढं झालं, मग तिकिटाएवढं, आणि विझलं.

त्या रात्री आणि सोमवारी, क्लचप्लेट बसवून घेताना, मंगळवारी कुंभार्ली चढतानाही माझ्या मनात तेच होतं. ती काय बोलली असेल?

परत कऱ्हाड

आल्यावर मी शैलाला पत्र टाकलं, पण काय बोललीस ते विचारलं नाही. तू बोललीस ते मला ऐकू आलं नाही, हे तिला कसं कळवणार?

आठवड्याने संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर तात्या. सहा वर्षांत आम्ही रस्त्यातही एकमेकांकडे पाहिलेलं नव्हतं. हातात गुळाची ढेप होती. मी त्यांना आत या म्हटलं नाही. उंबऱ्यावरच उभं ठेवलं.

"बाई, सामना बघितलात?" त्यांनी विचारलं.

"बघितला. तुम्ही बघणार नव्हतात ना?"

"पुण्याला साडूकडे गेलो होतो," ते म्हणाले. "घरी सांगितलं नाही कुणाला." आणि मग, "शेवटी ती बोलली, ते ऐकलंत?"

"आमच्याकडे आवाज नव्हता."

तात्यांनी ढेप या हातातून त्या हातात घेतली. गुळाच्या सौद्यात साऱ्या बाजाराला दमात घेणारा माणूस, पण माझ्याकडे बघेना. जमिनीकडे बघून म्हणाला, "ती म्हणाली, घरचे नको म्हणत होते. माझ्या बाईंनी मला मैदानावर ठेवलं. ही ढाल त्यांची आहे."

आत यांनी रेडिओ बारीक केलेला मला कळला. मी दाराची चौकट घट्ट धरली.

"नीट ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "पुन्हा सांगा."

त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सांगितलं. या वेळी जरा मोठ्याने, शेजारच्यांना ऐकू जाईल असं.